स्वतःचं दार, सामायिक गॅलरी

‘वृद्धाश्रम’ हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवूनच या विषयात यावं लागतं. अमेरिकेतल्या ज्या इमारतींविषयी पुढची पानं आहेत, तिथली म्हातारी आणि अपंग माणसं कुणाच्या आश्रयाला आलेली नाहीत. ती भाडेकरू आहेत. करारावर सही त्यांची, किल्ली त्यांच्याकडे, आणि नकोशा पाहुण्याला दार न उघडण्याचा हक्कही त्यांचा. फक्त भाडं बाजारभावानं ठरत नाही. वजावटी धरून जी मिळकत उरते तिच्या साधारण 30 टक्के रक्कम भाडेकरू देतो, वरचा भार सरकार उचलतं. मराठीत आपण याला ‘अनुदानित घरं’ म्हणू.

या घरांचा इतिहास ‘कुटुंब’ या एका शब्दावर अडखळत गेला आहे. 1937 च्या कायद्यानं उभी राहिलेली सरकारी घरं कुटुंबांसाठी होती, आणि एकटी राहिलेली म्हातारी बाई त्या व्याख्येत बसत नव्हती. तिला आत यायला 1956 साल उजाडलं. 1959 च्या गृहनिर्माण कायद्यात कलम 202 आलं: विना-नफा संस्थांनी इमारत बांधावी, सरकारनं स्वस्त कर्ज द्यावं, 62 वर्षांवरच्या गरजूंनी राहावं. 1964 मध्ये त्याच योजनेत अपंगांनाही जागा मिळाली. कागदावर दोघांची गरज सारखीच दिसत होती. मिळकत कमी, लिफ्ट हवी, दार रुंद हवं. ऐंशीची आजी आणि तिशीतला मनोरुग्ण तरुण यांच्या दिवसाची लय सारखी नसते, हे कागदाला दिसत नाही. मनोरुग्णालयं रिकामी होत गेली तशी ही तरुण मंडळी याच इमारतींत येऊ लागली, आणि जिन्यातल्या कुरबुरी थेट संसदेपर्यंत पोचल्या. 1990 मध्ये अपंगांसाठी कलम 811 वेगळं झालं. 1992 च्या कायद्यानं काही सरकारी इमारती फक्त वृद्धांसाठी राखून ठेवायला मुभा दिली. अपंगांच्या संघटनांना त्यात आपल्या हातची घरं जाताना दिसली. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, असं माझं मत आहे. चूक झाली ती ‘एकाच छताखाली ठेवलं की एकत्र राहतील’ असं धरून चालण्यात.

मग माणसं एकत्र राहायला लागतात ती कशानं? नव्या वाचकानं इथं आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंचं ‘द अनएक्स्पेक्टेड कम्युनिटी’ हे 1973 चं पुस्तक हाती घ्यावं. सॅन फ्रान्सिस्को उपसागराजवळची एक छोटी अनुदानित इमारत (‘मेरिल कोर्ट’ हे तिचं पुस्तकातलं टोपणनाव), 43 रहिवासी, त्यांत बहुतेक विधवा. बाई तिथं काम करत करतच पाहत होत्या. लिफ्टकडे जाताना गॅलरीतून शेजारणींच्या खिडक्यांवरून जावं लागे, त्यामुळे कुणाचा पडदा अजून उघडला नाही हे कळायला वेळ लागत नसे. गिरगाव-परळच्या चाळीत वाढलेल्या वाचकाला ही गॅलरी ओळखीची वाटेल. पण फरकही ध्यानात घ्यावा. चाळीत नळ आणि संडास सामायिक होते, म्हणून भेटणं टळत नव्हतं. इथं प्रत्येकीचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर आपापलं. एकत्र येण्याला निमित्त शोधावं लागतं. रहिवाशांच्या सांगण्यानुसार सगळ्याची सुरुवात झाली ती तळमजल्यावरच्या कॉफीच्या यंत्रापासून.

हॉक्शील्डबाईंनी या नात्याला भावंडांच्या नात्याची उपमा दिली आहे. आईवडील-मुलांच्या नात्यात देणारा-घेणारा ठरलेला असतो. इथं सगळ्यांकडे थोडं आहे आणि सगळ्यांचं बरंच गेलेलं आहे, त्यामुळे देवाणघेवाण बरोबरीची. पण त्यांनी या मंडळींना गोड करून दाखवलेलं नाही, म्हणून पुस्तक टिकलं. प्रत्येकीला ‘बिच्चारी’ म्हणायला आपल्याहून दुबळी कुणीतरी लागे, आणि ती बिच्चारीही आणखी कुणाला तरी बिच्चारी म्हणे. आपल्याकडच्या वाड्यांतली उतरंड आठवावी.

फिलाडेल्फियाचे पॉवेल लॉटन हे या क्षेत्रातले दुसरे वाटाडे. माणसाची ताकद जितकी कमी, तितका भोवतालच्या जागेचा त्याच्यावरचा अंमल जास्त, हा विचार त्यांनी 1968 मध्ये मांडला. धडधाकट माणूस उंच पायरी ओलांडून जातो. गुडघे गेलेल्याचं अख्खं सामाजिक आयुष्य त्या पायरीशी थांबतं. पुढे ल्युसिल नाहेमो यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या सरकारी घरांतल्या मैत्र्या तपासताना त्यांना दिसलं की वय आणि वर्ण ओलांडणारी दोस्ती जुळते ती बहुतेक अगदी लागून राहणाऱ्यांचीच. मराठीत याला सरळ शब्द आहे: शेजार. कुटुंब आणि संस्था या दोन्हींच्या मधलं हे नातं या अभ्यासाच्या केंद्रस्थानी ठेवावं, एवढाच माझा आग्रह.

शेजाराला भीतीही मारते. 1995 च्या जुलैत शिकागोच्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी त्या मृत्यूंचा माग काढताना वृद्धांच्या सरकारी इमारतींतली भीतीपोटी कडी लावून बसलेली माणसंही पाहिली.

अपंगांची चळवळ या चर्चेला वेगळं टोक देते. एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये बर्कलीत स्वावलंबी जीवनाचं केंद्र उभं केलं, तेव्हा त्यांची मागणी सोबतीची नव्हती. कोणी कधी उठवायचं हे आपण ठरवू, ही होती. उलट मॅगी कून. वयाच्या अटीनं 1970 मध्ये निवृत्त केलेल्या या बाईंनी ‘ग्रे पँथर्स’ संघटना काढली आणि फिलाडेल्फियातल्या स्वतःच्या घरात तरुण सोबत्यांना खोल्या दिल्या. ही दोन टोकं पुढे वाचताना मनात असू द्यावीत. त्यांना सांधायची घाई करू नये.

नियमपुस्तिका रटाळ असते, तरी ती टाळू नका. सरकारी भाडेचिठ्ठीवर (व्हाउचरवर) घर वाटून घेता येतं, शयनकक्षांच्या हिशेबानं भाडं विभागतं. पण वृद्ध-अपंगांना मिळणाऱ्या केंद्रीय निर्वाहभत्त्याचा नियम उलटा: दुसऱ्याच्या घरात त्याच्याच खर्चानं राहिलं की भत्ता एक-तृतीयांशानं कमी, आणि दोन भत्तेधारकांनी लग्न केलं की दोघांना मिळून दीडच. नुसत्या खाण्याची बाब 2024 मध्ये हिशेबातून वगळली, निवाऱ्याची राहिली. एक हात सांगतो वाटून राहा, दुसरा वाटून राहिल्याबद्दल कापून घेतो.

आणि शेवटी तो माणूस, ज्याची सही करारावर नसते: सोबत राहणारा मदतनीस. त्याची मिळकत घराच्या हिशेबात धरत नाहीत, ही सवलत. पण ज्याची सेवा केली तो गेला, की त्या घरावर त्याचा कसलाही हक्क उरत नाही. या माणसाविषयी लिहिलेलं फार कमी वाचायला मिळतं. नव्यानं येणाऱ्या अभ्यासकाला जागा हवी असेल, तर इथं आहे.