मुक्ता साळवेचा प्रश्न

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मांग समाजातल्या मुक्ता साळवेने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त विचारले : वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्म कोणता? अक्षर हाती आले की असे प्रश्न उभे राहतात. धर्माच्या नावाने सत्ता राबवणारे भितात ते त्यांनाच. अफगाणिस्तानात तालिबानने २०२१ पासून मुलींना सहावीपुढची शाळा, २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठही बंद केले. ही बंदी उठलीच पाहिजे. पण नुसते दार उघडून भागत नाही. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली आमच्या सोलापुरात वसतिगृह काढले. कारण शिकणाऱ्या पोराला शाळेइतकेच छप्पर आणि भाकरी लागते. काबूलच्या पोरींनाही ते लागेल.