रेशनकार्डावरचं नाव

आत्याच्या ट्रंकेत एक जुनं रेशनकार्ड आहे. कडा विरलेल्या, मधली घडी चिकटपट्टीनं सांधलेली. कुटुंबप्रमुख म्हणून तिचंच नाव, आणि कुटुंबातली माणसं : एक.

नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं ते कायमचंच. सासरच्या कार्डावरचं नाव कमी झालं, भावाच्या कार्डावर चढलं नाही. "माणूस हाय, पर कागदावर न्हाय," असं ती तेव्हाचं सांगते. वाळवा तालुक्यात अशा 'टाकलेल्या' बाया गल्लोगल्ली होत्या. परित्यक्ता हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला तो ऐंशीच्या दशकात, स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या मेळाव्यात. तिथं बाया उभ्या राहून आपापली हकिगत सांगायच्या. आत्या पहिल्या खेपेला नुसतीच रडली. दुसऱ्या खेपेला बोलली. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड हवं, राहायला हक्काची जागा हवी, ही मागणी घेऊन ती मोर्चात चालली.

पुढं असायच्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर. त्यांची गोष्ट मात्र आजीकडची. चले जावच्या दिवसांत वयात येता येता घर सोडलेली पोर, पुढं प्रतिसरकारच्या कामात हत्यारं पोचवणारी. १९५२ साली पती बाबूजींचा खून झाला. लहानग्या मुलाला, भारतला घेऊन शाळामास्तरकी करत ती बाई उभी राहिली. आजी इथवर आली की पदरानं डोळे टिपायची आणि मग म्हणायची, "आन् सून बघ कुठली मिळाली!"

सून म्हणजे गेल ऑम्वेट. १९४१ साली अमेरिकेत मिनिआपोलिसला जन्मलेली. व्हिएतनामच्या खेड्यांवर बॉम्ब पडत असताना आपल्याच सरकारविरुद्ध युद्धविरोधी चळवळीत उतरलेली. महात्मा फुले आणि सत्यशोधकांचा माग काढत ती महाराष्ट्रात आली. बर्कलेला १९७३ साली पीएच.डी. झाली, तो प्रबंध मराठीत 'वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड' म्हणून वाचला जातो. १९७६ साली डॉ. भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि १९८३ साली भारताचं नागरिकत्व घेतलं. जागतिकीकरणाबद्दलची तिची पुढची मतं चळवळीतल्या अनेकांना रुचली नाहीत, मलाही सगळी पटत नाहीत. पण शेतमजूर बाईचं बोलणं हाच इतिहासाचा पुरावा आहे, हे तिनं इतक्या लवकर ओळखलं, याबद्दल माझ्या मनात फार मोठी कृतज्ञता आहे. १९७५ च्या सुमाराच्या महाराष्ट्रातल्या लढाऊ बायांवर तिनं लिहिलेलं पुस्तक १९८० साली आलं. आत्याला ते वाचता येणार नव्हतं, इंग्रजीत होतं. मी कॉलेजात असताना तिला ते मराठीत सांगत बसले. मध्येच ती म्हणाली, "हे तर आमचंच हाय की."

२५ ऑगस्ट २०२१ ला गेल कासेगावात वारली. बातमी मीच आत्याला सांगितली. बराच वेळ ती उंबऱ्यावर बसून राहिली, मग आत जाऊन ट्रंक उघडली आणि कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. फोटो काढू का, विचारलं.

"काढ," ती म्हणाली, "पर नाव नीट दिसू दे."