परळची होळी आणि चिंध्यांची ऊब

३१ जुलै १९२१. लोकमान्य टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीचा आदला दिवस. मुंबईत परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात महात्मा गांधींनी विदेशी कापडाच्या प्रचंड ढिगाला अग्नी दिला. गिरणीचे मालक उमर सोभानी स्वतः काँग्रेसचे कार्यकर्ते होते.

हा प्रसंग पाठ्यपुस्तकात सर्वांनीच वाचला आहे. या थ्रेडमध्ये मात्र एक वेगळा प्रश्न विचारायचा आहे : त्या आगीतील उष्णतेचे काय झाले?

सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. एक किलो कोरड्या सुती चिंध्या जाळल्या, तर साधारण ४००० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे चांगल्या वाळलेल्या लाकडाइतकी. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा कोळशाच्या प्रत्येक टनाचा हिशेब ठेवला जाई. सुकापूरहून फार दूर नसलेल्या खोपोलीची जलविद्युत १९१५ पासून याच गिरण्यांकडे जाऊ लागली होती, तीही कोळसा वाचावा म्हणून. आणि अशाच एका गिरणीच्या अंगणात ही उष्णता जाणीवपूर्वक आकाशात सोडून दिली गेली. ते सरपण नव्हते, होळी होती.

कापडातील अग्नीचा उपयोग आपल्याला ठाऊक नव्हता, असे मात्र नाही. काकडआरतीतला काकडा म्हणजे कापड पिळून तेलातुपात भिजवलेली जाड वात. तोड्याच्या बंदुकीची जामगी ही सोऱ्यात मुरवलेली सुती दोरी; ती भडकू नये, नुसती धुमसत राहावी, यातच तिचे कौशल्य. परंतु काकड्याच्या वाटेला जाई तो धडपा. धड कापडाची आधी वापरून वापरून पोतेरे होण्याची तयारी असे, मधल्या मुक्कामी गोधडी.

म्हणूनच १९२१ ची होळी अनेकांना सलली. सी. एफ. अँड्र्यूज यांनी गांधींकडे आपली व्यथा मांडली. देशात माणसे उघडी असताना कापड जाळावे का, असा रवींद्रनाथांचाही आक्षेप होता. गांधींचे उत्तर असे, की जे आपण लाजिरवाणे म्हणून टाकतो ते गरिबाला द्यायचे, तर गरिबाला स्वाभिमान नसतो असे मानावे लागेल. मला हे उत्तर अर्धेच पटते. खुद्द काँग्रेसच्या ठरावातही जाळणे किंवा देशाबाहेर वापरासाठी पाठवणे, असे दोन्ही पर्याय होते.

आता शंभर वर्षांनंतरची भट्टी पाहू. कापडी कचऱ्यापासून ऊर्जा दोन प्रमुख मार्गांनी मिळवता येते. भरपूर हवेत जाळून त्या उष्णतेवर वाफ करायची, किंवा हवा कोंडून तापवायचे. दुसऱ्या रीतीत कापड पेटत नाही. त्याचे विघटन होऊन ज्वलनशील वायू, तेल आणि कोळसा मिळतो. पॉलिएस्टरमध्ये सुतापेक्षा अधिक उष्णता असते. पण कपड्यावरच्या प्लास्टिकच्या नक्षीत क्लोरीन असेल आणि भट्टी पुरेशी तापलेली नसेल, तर डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. काकड्याच्या धुरात ही भीती नव्हती.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले, की किलोमागे १५०० किलोकॅलरी वा त्याहून अधिक उष्णता देणारा, पुनर्वापर होऊ न शकणारा कचरा क्षेपणभूमीवर टाकू नये, त्यापासून ऊर्जाच मिळवावी. कोरडी चिंधी हा आकडा सहज ओलांडते. सगळा पेच ‘पुनर्वापर होऊ न शकणारा’ या शब्दांत आहे. भट्टीला रोज भरपूर माल लागतो. तेव्हा अमुक कापड निकामी झाले, हे ठरवायचे कोणी?

आपल्याकडे हा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या बोहारीण करत आली. सुकापूरच्या नव्या इमारतींच्या फाटकावर तिला बहुधा अडवतात. जुन्या चाळींत मात्र ती अजून दिसते : साडी उजेडाकडे धरते, विरलेली जागा बोटाने चाचपते, आणि मग पातेले केवढे द्यायचे ते ठरवते.