जलपरी, शेवंड आणि मागे मागे फिरणारा मासा

फॉर्मलिनच्या बरणीतला मासा तुम्ही कधी पाहिलाय? पकडला तेव्हा निळा-पिवळा असलेला हा जीव काही दिवसांत मळकट पांढरा होऊन बसतो. तीनशे वर्षांपूर्वी तर कॅमेराही नव्हता. उष्ण समुद्रातल्या माशांचे रंग युरोपात पोचायचे ते चित्रांतूनच. म्हणून लुई रेनारने १७१९ च्या सुमारास ॲमस्टरडॅमला काढलेलं माशांचं रंगीत पुस्तक मोलाचं ठरतं. गंमत अशी, की ते उघडलं की आधी हसूच येतं.

शंभर पानांवर ४६० चित्रं. त्यात ४१५ मासे, खेकडे-शेवंडींच्या जातकुळीतले ४१ प्राणी, दोन काडीकिडे (माशांच्या पुस्तकात!), एक डुगाँग आणि एक जलपरी. माशांच्या अंगावर कुठे सूर्य, कुठे चंद्र, तर कुठे चक्क माणसाचा चेहरा. रेनार स्वतः तिकडे कधी गेलाच नव्हता. यातली बरीच चित्रं सॅम्युएल फालूरची, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी आजच्या इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर काम करणाऱ्या चित्रकाराची.

चित्रांसोबतच्या नोंदी तर आणखी भारी. एक शेवंड म्हणे डोंगरात राहते आणि झाडावर चढते. जलपरी ५९ इंच लांब. ती टपात चार दिवस सात तास जगली, उंदरासारखी चीं-चीं करायची, पण समोर ठेवलेले मासे-खेकडे तिने खाल्ले नाहीत. ‘तास’ मोजून दिलेत, हे लक्षात घ्या. थाप पटवायची तर आकडा द्यावा, हे तेव्हाही माहीत होतं! जलपरी म्हणजे ओळखण्यात चुकलेला डुगाँग, असं सहज म्हटलं जातं. मला ते तितकंसं पटत नाही, कारण त्याच पुस्तकात डुगाँगचं वेगळं चित्र आहे.

मग सगळंच टाकून द्यायचं? इथेच खरी अडचण आहे. अमेरिकन मत्स्यतज्ज्ञ थिओडोर पीच यांनी ही चित्रं बारकाईने तपासली. रंग पुष्कळदा मनचे असले, तरी बहुतेक मासे आजही ओळखता येतात. फालूरची एक नोंद बघा: किनाऱ्यावर पकडलेला एक मासा घरात तीन दिवस जिवंत होता आणि छोट्या कुत्र्यासारखा त्याच्या मागे मागे फिरायचा. वाटते ना थाप? पण चित्रातला मासा फ्रॉगफिश आहे, आणि फ्रॉगफिश पायांसारख्या परांवर समुद्राच्या तळाशी खरोखरच चालतो. तीन दिवस घरात फिरण्याचं मात्र मी मानत नाही. पाण्याबाहेर तो इतका टिकणार नाही. तरी ती चाल कुणीतरी डोळ्यांनी पाहिली होती, एवढं नक्की. माझ्या वहीत या चित्रापुढे मी ‘निम्मं खरं’ असं लिहून ठेवलंय, आणि अशा खुणा आता जलपरीपेक्षा जास्त झोप उडवतात.