मटण स्ट्रीट : मोडलेल्या घरांचा बाजार

मुंबईच्या चोरबाजाराचे मूळ नाव ‘शोर बाजार’ होते आणि इंग्रजांच्या जिभेवर त्याचे ‘चोर’ झाले, ही व्युत्पत्ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला पुरावा कोणी मागत नाही. आम्हांला तिच्यात भाषाशास्त्रापेक्षा अब्रूची काळजी अधिक दिसते.

या बाजारातील मटण स्ट्रीट जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध. शिसवी कपाटे, झुंबरे, ग्रामोफोन, मोडीत काढलेल्या जहाजांचे कंदील, रविवर्मा छापखान्यातील देवदेवता – ही यादी वाचायची ती विखुरलेल्या घरांची नोंदवही म्हणून. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे गेले. शहरात बंगले पडून इमारती उठल्या. पारशी कुटुंबे आटली. प्रत्येक पडझडीचा गाळ अशा बाजारांत साचत आला. मात्र येथे वस्तू येते ती आपले कूळ विसरून. पुण्याच्या दिनकर केळकरांनी (‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे तेच) अडकित्ते आणि दिवे जमवून त्यांना संग्रहालयात कायमचे घर दिले. दुकानातील दिव्याची हकीकत मात्र गिऱ्हाईक पाहून बदलते.

१९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ मध्ये अमलात आला. शंभर वर्षांवरील वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागू लागला, त्यांची खासगी निर्यात बंद झाली. हेतू निःसंशय चांगला. पण सिद्ध करावे न लागणारे जुनेपणच त्यामुळे सोयीचे ठरले, असे आम्हांला वाटते. नव्याने घडवलेले पितळी कर्णे आणि एके काळी रद्दीच्या मोलाची चित्रपटांची भित्तिपत्रके आता तेथे मानाने मांडलेली असतात.

२००९ च्या सुमारास लगतच्या भेंडीबाजाराच्या पुनर्विकासाची योजना आली : साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे इमारती. तिच्याविषयी हळहळताना एक तारीख विसरता येत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी तेथील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. जुन्या भिंतींचे सौंदर्य त्यांच्याखाली न झोपणाऱ्यांना अधिक दिसते.

तरीही एक हिशेब उरतोच. जुन्या वस्तूंचा धंदा म्हणजे वाट पाहण्याचा धंदा. एखादे झुंबर योग्य माणूस येईपर्यंत वर्षानुवर्षे लटकत राहते. पागडीच्या नाममात्र भाड्यात ते परवडते. बाजारभावाच्या गाळ्यात त्या झुंबराला दर महिन्याला आपले भाडे कमवावे लागेल.