श्राव्य माध्यमे आणि कर्णबधिर समुदाय : टेलिफोन ते पॉडकास्ट

पॉडकास्ट हे कानांसाठी घडलेले माध्यम आहे. त्यामुळे कर्णबधिरांसाठी पॉडकास्टचे व्यासपीठ ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तथापि गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिल्यास ही विसंगती नवी नाही, असे दिसून येते. टेलिफोन, बोलपट व दूरचित्रवाणी या प्रत्येक माध्यमाने प्रारंभी कर्णबधिरांना वगळले आणि पुढे बहुधा त्यांच्याच प्रयत्नांमुळे त्याला आपले रूप बदलावे लागले. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील या प्रक्रियेचा आढावा घेऊन पॉडकास्टची रचना, नाव व बोधचिन्ह यांसंबंधी त्यातून काय निष्पन्न होते, याचा विचार केला आहे.

१८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मिळविणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांची आई आणि पत्नी दोघीही कर्णबधिर होत्या. तरीही त्यांच्या यंत्राने कर्णबधिरांना जवळजवळ शतकभर संपर्कव्यवस्थेबाहेर ठेवले. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करून मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. ज्यांच्याविषयी हा निर्णय झाला, त्यांचा परिषदेतील सहभाग नाममात्र होता.

मूकपटातील लिखित पाट्यांमुळे चित्रपटगृहात कर्णबधिर प्रेक्षक इतरांच्या बरोबरीने बसत असे. १९२७ नंतर बोलपटाने ही समानता संपुष्टात आणली. मूकपटांत काम केलेले कर्णबधिर अभिनेते इमर्सन रोमेरो यांनी १९४७ मध्ये बोलपटांच्या प्रती मिळवून दृश्यांच्या मधोमध पाट्या जोडण्यास आरंभ केला. पाट्यांमुळे ध्वनी खंडित होत असल्याने ऐकू येणाऱ्यांना हे चित्रपट रुचणे शक्य नव्हते. परंतु ते त्यांच्यासाठी नव्हतेच.

टेलिफोनच्या बाबतीतील प्रयत्न अधिक लक्षणीय आहे. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटब्रेख्ट, दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स आणि अँड्र्यू सॅक्स हे तिघेही कर्णबधिर होते. दूरध्वनी कंपनीच्या नियमांनुसार बाहेरचे यंत्र तारांना थेट जोडता येत नसे. वाइटब्रेख्ट यांनी १९६४ मध्ये यावर तोडगा काढला : रिसीव्हर एका खोबणीत ठेवावयाचा, टंकलिखित अक्षरांचे ध्वनिसंकेत त्यात सोडावयाचे आणि दुसऱ्या टोकाला त्यांची पुन्हा अक्षरे करावयाची. त्यासाठी वापरात आली ती मोडीत निघालेली अवजड टेलिटाइप यंत्रे. नियम न मोडता नियमाचा हेतू निष्फळ करणारी ही युक्ती होती.

दूरचित्रवाणीवर १९७२ मध्ये बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने 'द फ्रेंच शेफ' हा पाककृतींचा कार्यक्रम मथळ्यांसह दाखविला. १९८० मध्ये बंद मथळ्यांची, म्हणजे हवे तेव्हाच दिसणाऱ्या शब्दांची, नियमित सेवा सुरू झाली. मात्र ती पाहण्यासाठी वेगळे उपकरण विकत घ्यावे लागे. १९९० च्या कायद्याने जुलै १९९३ पासून १३ इंच व त्याहून मोठ्या पडद्याच्या संचांत ही सोय अंगभूत करणे बंधनकारक ठरले. सुलभता ही ग्राहकाने वेगळी विकत घ्यावयाची वस्तू राहिली नाही. हा बदल उत्पादकांच्या सद्भावनेतून नव्हे, तर कायद्यातून घडला.

'पॉडकास्ट' हा शब्द २००४ मध्ये छापील वापरात आला, तेव्हा हा सर्व अनुभव उपलब्ध होता; तरीही वगळण्याची पुनरावृत्ती झाली. २०१० च्या अमेरिकन कायद्याने आंतरजालावरील दृक्-श्राव्य कार्यक्रमांचे मथळे विचारात घेतले, निव्वळ श्राव्य कार्यक्रमांचे नाही. १८८० मध्येच स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये सिरियसएक्सएम, स्टिचर व पँडोरा यांच्याविरुद्ध लिखित संहितांच्या अभावाबद्दल दावा दाखल केला. ॲपलने स्वयंचलित संहिता मार्च २०२४ मध्ये आणल्या.

तथापि संहिता म्हणजे संपूर्ण सुलभता नव्हे. वक्ता कोण, तो हसला की थांबला, पार्श्वभूमीला संगीत कोणते, हे यंत्राच्या संहितेत बहुधा गळून पडते. शिवाय सांकेतिक भाषा ही ज्यांची प्रथम भाषा, त्यांच्यासाठी लिखित इंग्रजी ही दुसरी भाषा असते. नाव व बोधचिन्ह यांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. काट मारलेला कान हे प्रचलित चिन्ह उणीव दर्शविते. दूरचित्रवाणीच्या चौकटीतील 'सीसी' ही अक्षरे सेवा दर्शवितात. पहिले चिन्ह माणसावर शिक्का मारते, दुसरे कार्यक्रमावर. आपल्याकडील 'मूकबधिर' हा शब्द पहिल्याच जातीचा आहे. कर्णबधिरांच्या व्यासपीठाने दुसरा मार्ग स्वीकारणे उचित ठरेल.

या व्यासपीठाचा पूर्वज ध्वनिफितीत नव्हे, तर मूकपटात सापडतो. मिलाननंतर सांकेतिक भाषा लुप्त होईल या भीतीने नॅशनल असोसिएशनने निधी उभारून निष्णात वक्त्यांची चित्रमुद्रणे केली. १९१३ मध्ये जॉर्ज व्हेडिट्झ यांनी सांकेतिक भाषेच्या रक्षणाविषयी केलेले भाषण त्यांपैकीच एक. त्यात ध्वनी नाही आणि वक्ता श्रोत्यांशी आपल्या भाषेत बोलतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश करण्यात आला.