उभा मथळा

हजेरीपटाच्या अरुंद रकान्यावर ‘एकूण विद्यार्थी’ लिहायचं तर आम्ही शिक्षक वही आडवी फिरवून लिहायचो, मग पुन्हा सरळ करायचो. संगणकही तेच करतो! १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्ट आले. त्यांची अक्षरं बाह्यरेषांनी आखलेली, म्हणून हव्या त्या कोनात वळत. मोजमाप अंशाच्या दहाव्या भागात, म्हणजे काटकोनाला आकडा ९००.

मराठीला एवढं पुरेसं नव्हतं. इंग्रजी अक्षरं एकाखाली एक रचली तरी वाचता येतात. आपली मात्र शिरोरेषा तुटते, रफार हरवतो. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट होता. तिथे आधी जोडाक्षर जुळे, मग अख्खा शब्द वळे. इथे नंदनवनात नातवाच्या संगणकावर असा उभा मथळा पाहिला आणि बरं वाटलं. शब्द फिरवा खुशाल, फक्त तोडू नका.